कणकेचे आठ गोळे

पावसाळा जाता जाता मागे वळून बघतो, ते हे दिवस. सकाळचं ऊन असं तापतं की गॅलरीतल्या कुंड्या दहा वाजताच पाणी मागतात. चार वाजले की कर्नाळ्याच्या बाजूने आभाळ भरून येतं, गडगडतं, हस्ताची एक सर धावत येऊन जाते आणि पुन्हा सगळं लख्ख होतं. समोरच्या इमारतींच्या गॅलऱ्यांमधून गोधड्या, चादरी, सोफ्याचे अभ्रे वाळत पडलेले असतात, कारण घट बसायच्या आत घर धुऊन निघालं पाहिजे. सर येऊन गेल्यावर ओल्या गवतावर ऊन पडतं तेव्हा जो वास येतो, त्याला मराठीत काय म्हणतात मला ठाऊक नाही. इंग्रजीतही ठाऊक नाही, आणि मी बत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं.

सानिका, तन्मय, तुमच्याकडे पर्थला आता वसंत असेल. आमचं गवत पिवळं पडायला लागतं तेव्हा तुमच्याकडे फुलं येतात, हे माझ्या डोक्यात अजून नीट बसत नाही. परवा फोनवर तन्मयने विचारलं, "आजी, निळी गाडी अजून आहे?" मी म्हटलं, "आहे." पण याचं खरं उत्तर लांब आहे आणि फोनवर मला लांब बोलता येत नाही. मी कुठे रंगात आले की तुमचे बाबा मध्येच "आई, आवाज येतोय का?" असं विचारतात. म्हणून लिहिते आहे. अडलं तिथे बाबांकडून वाचून घ्या.

निळी गाडी म्हणजे आजोबांची पिकअप. आजोबा जनावरांचे डॉक्टर. सरकारी नोकरीतून निवृत्त झाले, पण डोंगरातल्या वाड्यांवरच्या गाई-म्हशींना कोणी ते कळवलं नाही, असं ते म्हणतात. तुम्ही लहान असताना त्या गाडीच्या मागच्या हौद्यात बसून तळ्यापर्यंत फेरी मारली होती. सानिका, तू नाक धरून बसली होतीस. फिनेल, ओला पेंढा, जनावरांचं औषध आणि वासरांच्या अंगाचा गोडसर वास, असं सगळं एकत्र यायचं. डाव्या दिव्याच्या वर एक पोचा होता, एका बैलाने शिंगाने पाडलेला. आजोबांनी तो कधी ठोकून घेतला नाही. "त्याने सही केलीय," म्हणायचे.

तीन वर्षांपूर्वी, याच दिवसांच्या थोडं आधी, श्रावणात, ते एका अडलेल्या गाईसाठी कर्नाळ्याच्या पलीकडच्या वाडीवर गेले होते. चढावर गाडीची मागची चाकं चिखलात नुसती फिरायला लागली, गाडी उलटी घसरत आली आणि एका ऐनाच्या झाडाला टेकून थांबली. झाड नसतं तर खाली ओढा होता. ते गाडी तिथेच सोडून, ऑपरेशन झालेल्या गुडघ्याने, पुढे वाडीवर चालत गेले, गाय सोडवली आणि तसेच चालत हमरस्त्यापर्यंत उतरले. मला हे सगळं कळलं संध्याकाळी सहाला. दुपारपासून फोन लागत नव्हता. मी त्या चार तासांत कपाटातली सगळी पुस्तकं लेखकांच्या नावाप्रमाणे लावली आणि मग उंचीप्रमाणे लावली.

ते दारात उभे राहिले, पोटरीपर्यंत चिखल, आणि म्हणाले, "कालवड झाली."

मी पाणी तापवायला ठेवलं. मनात ठरवून टाकलं की ही गाडी आता जायला हवी.

आणि ती जाणार असंच दिसत होतं. गाडी खाली आणल्यावर इस्माईलभाईंनी तिला लोखंडी घोडीवर चढवलं. इस्माईलभाई म्हणजे सुकापूरचे मिस्त्री, आजोबांच्या या गाडीचे पहिल्यापासूनचे डॉक्टर. त्यांनी खाली झोपून हातोडीने टकटक केलं तर चासीचे पापुद्रे पडायला लागले, शिळ्या खारीसारखे. चासी म्हणजे गाडीचा सांगाडा. दोन लांब लोखंडी तुळया, ज्यांना इंजिन, चाकं सगळं बांधलेलं असतं. आपण जिला गाडी म्हणून ओळखतो ती वरची बॉडी. ती त्या सांगाड्यावर बोल्टांनी बसवलेली असते. खाडीच्या हवेने आमच्या गाडीचा सांगाडा आतून खाल्ला होता. इस्माईलभाईंचा पेचकस एका जागी आरपार गेला.

"डॉक्टरसाब," ते खालूनच म्हणाले, "ऊपर से दुल्हन आहे. आतून खलास."

मला मनातून हलकं वाटलं, हे तुम्हाला सांगते. तुमच्या बाबांनी फोनवर सांगितलं की भंगारात द्या आणि आता आराम करा. मी म्हटलं, बरोबर आहे.

पण आठच दिवसांत इस्माईलभाईंचा फोन आला. डोंगरातल्या एका हॉटेलवाल्याची जीप होती, चारही चाकांना जोर असणारी, बऱ्यापैकी नवी. उभ्या गाडीवर झाड पडून तिची बॉडी चेपली होती, मात्र चासीला धक्का नव्हता. "नीचे का माल कडक आहे, साब. आपली बॉडी त्याच्यावर चढवू. हौदा थोडा कापावा लागेल, बस्स."

मी मध्येच म्हटलं, "अहो, त्यापेक्षा नवी गाडीच घ्या ना." मला वाटलं, नवी गाडी म्हटलं की हे मागे हटतील. आजोबा म्हणाले, "नव्या गाडीत वासरू कसं चढवायचं हे पुन्हा शिकायचं? मी की वासराने?"

वाहनाचा नंबर खरं म्हणजे चासीचा असतो. बॉडी कोणतीही असो, कागदोपत्री गाडी म्हणजे तिची चासी. त्यामुळे जुन्या गाडीची नोंद रद्द होणार होती आणि निळ्या बॉडीला त्या जीपचा नंबर मिळणार होता. आरटीओच्या परवानगीची फाईल मीच केली. कागद लावण्यात माझा हात कोणी धरत नाही. फाईल करताना मी मनात म्हणत होते, एखादा कागद अडला तर बरं. एकही अडला नाही, कारण मी सगळे नीट लावले होते.

चासी आली ती पितृपक्षात. ती उतरवायची कुठे, हा प्रश्न होता. आमच्या सोसायटीत गाडी धुवायलाही परवानगी लागते. इस्माईलभाईंचं गॅरेज चिंचोळं. तेव्हा वनीबाय धावून आल्या. वनीबायंची सुकापुरात पूर्वी भातशेती होती. आता त्या शेताच्या जागी मोठी इमारत आहे आणि तिच्यात मुलाचे फ्लॅट आहेत. पण पेंढा ठेवायची जुनी शेड त्यांनी विकू दिली नाही. इमारतीच्या पार्किंगला लागून ती कौलारू शेड अजून उभी आहे, आत सागाच्या जाड तुळईसकट. आजोबांनी कधी काळी त्यांची म्हैस वाचवली होती. शेड द्यायला त्या तयार होत्या, पण एक अडचण होती.

"डाक्टर, पित्रांत नवीन वस्तू आनू नये."

"नवी नाही वनीबाय. दुसऱ्याने वापरलेली आहे."

"त्यानं वापरली. तुमाला नवीच ना?"

"बॉडी तो पुरानी है, मावशी," इस्माईलभाई म्हणाले.

"बॉडी जुनी हाय, हाडं नवी हायेत. मंग मानूस नवा का जुना?"

शेवटी वनीबायंनीच तोड काढली. चासी पेंढ्यावर उतरवायची, फरशीला लावायची नाही. जमिनीला टेकली नाही म्हणजे घरात आली नाही. सर्वपित्रीला त्यांनी शेडच्या भिंतीवर पान ठेवलं तर कावळा आधी येऊन चासीवर बसला, मग पानावर गेला. "सासरा," वनीबाय गंभीरपणे म्हणाल्या. "त्याला गाडीची लय हौस होती. बगून गेला." त्या दिवसापासून त्यांचा विरोध संपला.

त्या शेडमधली दुपार मला आजही अंगावर जाणवते. कौलांतून उन्हाचे गोल कवडसे पडायचे आणि त्यांत पेंढ्याची धूळ तरंगायची. बाहेर इमारतीची लिफ्ट दार उघडं राहिलं की एकाच सुरात ओरडत राहायची. शेताच्या उरलेल्या एका तुकड्यात भात निसवलं होतं; तो दुधाळ वास, आणि इथे गंजलेले बोल्ट सैल व्हायला टाकलेल्या तेलाचा वास. एकेक बोल्ट निघायला अर्धा अर्धा तास लागायचा. इस्माईलभाई टामी, म्हणजे लांब लोखंडी दांडा, लावून लोंबकळायचे आणि बोल्टाशी बोलायचे, "निघ बाबा, निघ. इतने साल बैठा, अब क्या." आजोबा स्टुलावर बसून पाने द्यायचे. मला वाटलं होतं की मी तिथे जाणार नाही. पण बोल्ट कुठेही टाकलेले मला बघवेनात. मी घरून लोणच्याच्या रिकाम्या बरण्या नेल्या आणि प्रत्येकीवर चिठ्ठी लावली: डावं दार, उजवं दार, हौदा मागचा, बॉनेट. इस्माईलभाई बरण्यांकडे बघून म्हणाले, "भाभी, हे गॅरेज आहे का दवाखाना?" पण दुसऱ्या दिवशीपासून ते स्वतःच विचारायला लागले, "भाभी, ते बॉनेटचं लोणचं द्या."

चेनकप्पी सागाच्या तुळईला अडकवली आणि बॉडी जुन्या चासीवरून उचलली गेली. आपली गाडी, पाय नसलेली, हवेत लटकत होती. आजोबा उठून तिच्याखाली गेले. इस्माईलभाई ओरडले, "साब, बाहर!" तरी ते वाकून जुन्या चासीवरच्या जागा एकेक करून बघत होते आणि तिथून काही काळं, चिकट काढून भिंतीलगत मांडत होते. मी लक्ष दिलं नाही. मी बरण्या पुसत होते.

दुसऱ्या दिवसापासून घर धुवायला काढायचं होतं. घट परवावर आले होते. घराची सफाई झाली तशी मी शेडचीही केली. देवीच्या दिवसांत आपलं सामान दुसऱ्याच्या जागेत पसरलेलं बरं दिसत नाही. आजोबा तेव्हा बँकेत गेले होते आणि इस्माईलभाई जेवायला. बरण्या पुसून ओळीने लावल्या. जाळी काढली. भिंतीलगत तेलकट रबराचे तुकडे पडले होते. कोणी टायरमधून कापलेले, एकावर एक ठेवलेले, एक जाड, एक पातळ, एक तिरका तासलेला. एकसारखे दोन नव्हते. एकावरही चिठ्ठी नव्हती. बाहेर भंगारवाल्याची हाक आली. जुन्या वर्तमानपत्रांबरोबर मी तेही दिले.

पहिल्या माळेच्या दिवशी बॉडी नव्या चासीवर उतरवली. इस्माईलभाईंनी बोल्टांच्या आठही जागांवर बाजारातली नवी रबरं टाकली होती, सगळी एका जाडीची. बॉडी बसली. आजोबांनी त्यांच्या बाजूचं दार लावलं. ते लागेना. जोरात लावलं तर खालून आदळून परत उघडलं. वर दोन बोटांची फट होती. बॉनेटही कुलपात बसेना. हौदा एका बाजूला कललेला दिसत होता.

"साब, जुनी बॉडी आहे," इस्माईलभाई म्हणाले. "ती वाकडी बसायला शिकली आहे. सीधी बिठाओ तर रुसणार. ते तुमचं पॅकिंग आणा ना. परवा काढलं होतं."

आजोबा भिंतीकडे गेले. तिथे मी झाडून काढलेली स्वच्छ जमीन होती.

ते रबराचे तुकडे आजोबांनी वर्षानुवर्षं कापले होते. गाडी जसजशी वाकत गेली, एखादा कोपरा खचला, दार घासायला लागलं की एखादा तुकडा तासायचा, दुसऱ्याखाली एक पातळ घालायचा. बॉडीच्या सगळ्या वाकडेपणाचं मोजमाप त्या आठ तुकड्यांत होतं आणि दुसरीकडे कुठेही नव्हतं.

"मी दिले," मी म्हटलं. "भंगारवाल्याला. मला वाटलं कचरा आहे."

वनीबाय दारातच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगो बाय!" आणि घरात निघून गेल्या. इस्माईलभाई स्कूटर काढून भंगारवाल्याच्या मागे गेले आणि हात हलवत परत आले. त्याचा टेम्पो सकाळीच माल घेऊन गेला होता.

आजोबा मला रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते फक्त म्हणाले, "तुला ही गाडी नकोच होती ना?"

मी म्हणायला हवं होतं, "अहो, काहीतरीच काय!" ते खरंही होतं, मी मुद्दाम नव्हतं केलं. पण दार आदळून परत उघडलं तेव्हा पोटात कुठेतरी मला बरं वाटलं होतं. अगदी क्षणभर. ते मला ठाऊक होतं, आणि ह्या माणसाबरोबर पंचेचाळीस वर्षं काढल्यावर ते त्यांनाही दिसलं असणार. मी गप्प राहिले. तेच उत्तर झालं.

त्यानंतरचे चार दिवस. खाली पार्किंगमध्ये मुली संध्याकाळी भोंडला करायच्या, पाटावरच्या खडूच्या हत्तीभोवती फेर धरायच्या, खिरापत ओळखायला ओरडायच्या. आजोबा गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. सकाळी बसायचे ते दुपारी बसायचे ते संध्याकाळी. चहा दिला की घ्यायचे. वाडीवरून एकदा फोन आला, कोणाची तरी शेळी चरत नाही म्हणून. त्यांनी औषधाचं नाव सांगितलं आणि फोन ठेवला. पुढे विचारलं नाही की ती उभी राहते का, जीभ कशी आहे, पोट फुगलंय का. एरवी एका शेळीवर ते अर्धा तास बोलतात.

मला जे हवं होतं ते मला मिळालं होतं. हा माणूस सुखरूप, कोरडा, माझ्या डोळ्यांसमोर बसला होता. आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. श्रावणातल्या त्या चार तासांत मी घाबरले होते, पण तेव्हा मला माहीत होतं की मी कोणाची वाट बघते आहे. या खुर्चीत बसलेल्याची मी वाट बघितली नसती.

पाचव्या माळेच्या सकाळी मी त्यांच्या पोळ्यांसाठी कणीक मळत होते. माझा नऊ दिवसांचा उपास. त्यांच्यापुरती दोन पोळ्यांची कणीक. मळून झाल्यावर सवयीने अंगठा दाबून बघितला. खळगा पडला आणि तसाच राहिला. अंगठ्याच्या रेघासुद्धा. मला आमचे दाताचे डॉक्टर आठवले. माझी कवळी करायच्या आधी त्यांनी तोंडात गुलाबी लगदा घालून मला चावायला लावलं होतं. माझ्या हिरड्या सरळ नाहीत. पण कवळी सरळ हिरड्यांवर बसवायची नव्हती, माझ्याच हिरड्यांवर बसवायची होती.

मी कणकेचा डबा उघडला आणि आणखी चार वाट्या पीठ घेतलं. घट्ट मळलं. आठ गोळे केले, ओल्या फडक्यात गुंडाळले, स्टीलच्या डब्यात ठेवले आणि रिक्षा करून सुकापूरला गेले. आजोबांना सांगितलं, "बाजारात जाऊन येते." त्यांनी मान हलवली.

इस्माईलभाईंना समजवायला दहा मिनिटं लागली. बॉडी कप्पीवर उचला. खाली आठही जागांवर एकेक गोळा ठेवा. मग बॉडी हळूहळू खाली आणा, पण टेकवू नका. दार नीट लागेल, बॉनेट बसेल, हौदा सरळ दिसेल, अशी ती कप्प्यांवर आणि जॅकवर धरून ठेवा. जिथे जेवढी फट उरेल तेवढी कणीक दबेल. मग बॉडी वर घ्या. जेवढा जाड गोळा, तेवढं जाड रबर.

ते मग कपाळाला हात लावून हसायला लागले. "भाभी, चालीस साल हो गये पाने हातात घेऊन. आट्याने गाडी बनवणारी तुम्हीच पहली."

वनीबाय डब्यात डोकावल्या. "चपात्या हितंच लाटायच्या का गो? तवा आनू?"

"आणा," मी म्हटलं. "आधी गाडीला वाढू."

सगळी दुपार गेली. कधी मागची कप्पी वर, कधी पुढचा जॅक खाली. वनीबाय दाराशी उभ्या राहून दार लावून बघायच्या: "घासतंय. अजून घासतंय. आता नाय." बॉडी वर घेतली तेव्हा आठही गोळे आठ तऱ्हांचे झाले होते, एक भाकरीसारखा चपटा, एक लाडवासारखा जवळजवळ तसाच, एक एका बाजूला उतरता. मी उदबत्तीची काडी खुपसून प्रत्येकाची जाडी दोन्ही बाजूंनी मोजली आणि काडीवर पेनाने खूण केली. प्रत्येक गोळ्याखाली चिठ्ठी ठेवली. मग घरी आले.

आजोबा गॅलरीत होते. मी त्यांच्यासमोर तो डबा उघडून धरला.

"मापं मी घेतली आहेत," मी म्हटलं. "कापायला हात तुमचा लागेल. इस्माईलभाई म्हणतात, तिरकं तासणं त्यांना जमणार नाही."

त्यांनी चिठ्ठ्या वाचल्या. एक गोळा उचलून बोटांत धरला, कडेचा एक कण तोडला आणि जिभेवर ठेवला.

"मीठ कशाला घातलंस?"

चार दिवसांत त्यांनी स्वतःहून बोललेलं ते पहिलं वाक्य. मी म्हटलं, "हात आपोआप जातो."

ते उठले आणि औषधाच्या पेटीतून जनावरांच्या शस्त्रक्रियेचा चाकू काढला. जिना उतरताना मी त्यांना म्हटलं, "मुद्दाम नव्हते दिले. पण दार लागलं नाही तेव्हा मला बरं वाटलं होतं. तेवढं खरं आहे." ते कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होते. म्हणाले, "आणि मी त्या दिवशी झाडाला टेकलो तेव्हा घाबरलो होतो. ते मी तुला सांगितलं नाही." आणि मग खालच्या पायरीवर थांबून, "कालवडीचं सांगितलं."

जुन्या टायरचं रबर कापताना जळका, गोडसर वास येतो. दोन दिवस शेडमध्ये तोच होता. या दिवसांत कधी कधी माझ्या नाकात तो उगाच येतो, चादरी झटकताना सुद्धा. आजोबा तासायचे, मी कणकेच्या गोळ्याशी मापून बघायची, "अजून एक कागदभर" म्हणायची. गोळे तोवर वाळून कडक झाले होते. आठव्या माळेला बॉडी उतरवली. आजोबांनी दार लावलं. ते लागलं, नुसत्या तळहाताने, कपाटाचं दार लागावं तसं.

एक काम उरलं होतं. या चासीला एक जादा दांडा आहे. चिखल आला, चढ आला की गाडी थांबवायची, क्लच दाबायचा आणि तो दांडा ओढायचा. मग चारही चाकं जोर लावतात. आमच्या बॉडीच्या तळाला त्याच्यासाठी भोक नव्हतं. ते कापलं. दांडा वर आला तो जरा डावीकडे, शेजारी बसणाऱ्याच्या गुडघ्याजवळ.

"साब, गरम करून तुमच्या बाजूला वाकवतो," इस्माईलभाई म्हणाले.

आजोबांनी सीटवर बसून हात लांब केला, परत घेतला. "राहू दे," म्हणाले.

"लांब पडेल ना."

"राहू दे म्हटलं ना."

दसऱ्याला झेंडूचं तोरण बांधलं, नारळ फोडला. तीन दिवसांनी वाडीवर जायचं निघालं. आजोबांनी किल्ली घेतली आणि दारात उभे राहून मला म्हणाले, "चल. त्या दांड्यापर्यंत माझा हात पोचत नाही."

मी तोवर त्या वाडीवर कधीच गेले नव्हते. चढाच्या पायथ्याशी त्यांनी गाडी थांबवली. ओढ्यात अजून पाणी होतं. ऐनाच्या झाडाची साल एका जागी सोललेली दिसत होती, त्यावरून मी नजर काढली. त्यांनी क्लच दाबला. "आता," म्हणाले. मी दोन्ही हातांनी दांडा ओढला. खालून काहीतरी जुळल्यासारखा आवाज आला आणि गाडी चढायला लागली, संथ, न घसरता, एखादी म्हातारी म्हैस चढावी तशी. मी श्वास धरून बसले होते. आजोबा गुणगुणत होते.

वर पोचलो तर कोणी बाहेर आलं नाही. एरवी चढावर गाडीचा आवाज आला की पोरं पळत येतात, असं ते मला नेहमी सांगायचे. या इंजिनचा आवाज वेगळा होता. वाडीला वाटलं, कोणीतरी दुसरंच आलं. आजोबा सुकाणूवर हात ठेवून बसून राहिले, तोंड एवढंसं करून. मग एक म्हातारी गवताचा भारा डोक्यावर घेऊन आली, गाडीसमोर थांबली, भारा टाकला आणि दिव्यावरच्या पोच्यावर तळवा ठेवला. "अरं, ही तर डाक्टरची!" तिने मागे वळून हाक दिली. मग एकेक दार उघडलं. ती कालवडही कोणीतरी ओढत आणली, चांगली धष्टपुष्ट. तिने माझ्या पदराचं टोक चघळलं.

तेव्हापासून ते जेव्हा जेव्हा वाडीवर जातात, मी जाते. मला आता तिथल्या गाई ओळखू येतात. त्यांची एक वही केली आहे, कोणाला कधी काय दिलं त्याची. जाताना मी उपम्याचा डबा घेते. उताराला मी डोळे मिटते, चढाला उघडे ठेवते. "आता" म्हटलं की ओढते. तुमचे बाबा फोनवर म्हणतात, आई, या वयात कशाला जातेस? मी सांगते, त्यांचा हात पोचत नाही.

मागच्या पावसाळ्यात मला ताप आला होता. आठवडाभर अंथरुणात होते. त्या आठवड्यात आजोबा दोनदा वाडीवर जाऊन आले, एकटेच, आणि दोन्ही वेळा चिखलाने भरलेली गाडी घेऊन नीट परत आले. माझ्या उशाशी बसून त्यांनी मला सगळ्या जनावरांची खबर सांगितली. वहीत लिहून घे म्हणाले.

दांडा कोणी ओढला, हे मी विचारलं नाही.